ट्रेव्हरला न आलेले शिंग

टॅराबूलच्या ब्रॉनविन हॅचच्या ट्रेव्हर नावाच्या वळूला मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेसातला शिंग आले. ते आधीपासून हळूहळू येतच असणार. पण त्या सकाळी ते ब्रॉनविनच्या वडिलांच्या बरगडीला लागले, आणि कुणाला तरी लागल्याशिवाय कोणत्याही गोष्टीची नोंद होत नाही, या न्यायाने तीच त्याची जन्मवेळ धरावी लागते.

शिंग उजवे होते. अंगठ्याएवढे, टोकाशी किंचित पुढे वळलेले. डावी बाजू कागदपत्रांत वर्णन केल्याप्रमाणे गुळगुळीत होती.

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या टेकड्यांत वळूला शिंग येणे ही एरवी बातमी नव्हे. दीडशे वर्षे तिथल्या गुरांना शिंगे येत आली, आणि वासराचा शिंगाचा कोंब तापल्या लोखंडाने डागून टाकायची रीतही तितकीच जुनी. डागणीच्या दिवशी शेडमध्ये जळक्या केसांचा वास भरून राही आणि ब्रॉनविन जेवत नसे. म्हणूनच स्मूदलाइन जेनेटिक्स या कंपनीने वासरू गर्भात जायच्या आधीच त्याच्या जनुकांतून शिंगाचा मजकूर खोडून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा सहकारी डेअरीच्या सभेत सर्वांत आधी हात वर केला तो तिने. डेअरीने दुधाच्या बाटलीवर हिरवे चिन्ह छापले, 'शिंगमुक्त कळप'. परिसरातले एकशे बारा कळप त्या चिन्हाखाली आले. ब्रॉनविनने डागणीचे लोखंड घासले, पुसले, तेल लावून शेडमधल्या खिळ्याला टांगले आणि त्या दिवशी दोन वेळा जेवली.

त्याच खोडलेल्या जनुकांचा ट्रेव्हर चौदा महिन्यांचा झाला होता. त्याच्यासोबत आलेल्या प्रमाणपत्रावर 'शिंगरहित' आणि कंसात 'कायम' असे दोन शब्द होते.

"बाबा, शर्ट वर करा. बघू."

"काही नाही गं. लाडात ढुशी दिली त्यानं."

"लाडात भोक पडतं शर्टाला?"

"शर्ट जुना आहे."

"ख्रिसमसला मी दिलाय तो."

"मग तू जुना दिलास," क्लॅरी म्हणाले.

क्लॅरी हॅच एक्याऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला होता, आणि रोज सकाळी व्हेजिमाइटचा खारट काळा लेप लावलेले पावाचे दोन तुकडे घेऊन ते ट्रेव्हरसमोर जाऊन उभे राहत. वळू समोर उभा असला की त्याचे उजवे शिंग माणसाच्या डाव्या हाताला येते. म्हणजे जगात एकच माणूस असा होता की ज्याला ते शिंग खरोखरच दिसत नव्हते, आणि नेमका तोच त्याच्या सर्वांत जवळ जात होता. जाऊ नका म्हणून उपयोग नव्हता. ब्रॉनविनने फाटकाला साखळी लावली, तर ते कुंपणावरून चढून गेले. शिंग काढणे हा एकच उपाय उरला. उपाय अर्ध्या तासाचा होता.

गुरांचे डॉक्टर डूगल मॅकफी दुपारी आले. त्यांनी शिंग चाचपले, हलवून पाहिले, बुडाशी दाबले.

"शिंगच आहे," ते म्हणाले.

"ते बाबांच्या बरगडीला पण कळलंय. काढा."

मॅकफींनी गाडीच्या बॉनेटवर टॅब ठेवला आणि ट्रेव्हरच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक घातला. पडद्यावर ट्रेव्हरचे नाव आले आणि खाली उपचारांची यादी आली. मॅकफींनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"खूर तासता येतील," ते म्हणाले. "खच्ची करता येईल. दात घासता येतील. शिंग काढणं इथे उमटतच नाहीये. त्याला शिंग नाहीये ना."

"तुम्ही आत्ता हातात धरलं होतं!"

"हातात धरलं होतं, पण भूल कशाची देऊ? औषधाची कुपी उघडली की कारण नोंदवावं लागतं. शिंगरहित जनावराचं शिंग काढायला भूल दिली असं लिहिलं तर आधी माझा परवाना जाईल, मग मला वेड्यात काढतील."

"ठीक आहे. शेडमध्ये करवत आहे माझ्याकडे."

मॅकफींनी टोपी काढून डोके खाजवले. "ब्रॉन, नीट ऐक. शिंग कापणं हा उपचार आहे. पण ज्याला शिंग नाही, अशा जनावराच्या डोक्यावरचा टणक भाग करवतीनं कापणं हा क्रूरपणा आहे. त्याला शिक्षा आहे. तू आधी त्याला कागदावर शिंग आण, मग मी अर्ध्या तासात काढतो."

ब्रॉनविनने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटांच्या संगीतानंतर विश्वासार्हता कक्षातली टॅमसिन नावाची बाई बोलू लागली. आवाज इतका मृदू होता की डेअरीने तो बाटलीत भरून विकला असता.

"आपलं जनावर शिंगरहित आहे ना, मॅडम?"

"नाही. तीच तर तक्रार आहे."

"म्हणजे ते आमचं जनावर नाही का?"

"तुमचंच आहे. त्याला शिंग आलंय."

"आमची विश्वासार्हता नव्याण्णव पूर्णांक अठ्ठ्याण्णव टक्के आहे, मॅडम."

"असेल की. म्हणजे दहा हजारांत दोघांना येणार. त्या दोघांतला हा एक."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. "तसं दिसत नाही, मॅडम. ते दोन्ही सापडलेत. क्वीन्सलँडला आहेत."

"मग हा तिसरा!"

"तिसरा असता तर आमची टक्केवारी वेगळी असती," टॅमसिन म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती. "आणि मॅडम, ट्रेव्हरचा जनुक-अहवाल माझ्यासमोरच आहे. चूक होण्याची शक्यता असलेल्या बाराही जागा आम्ही तपासल्यात. एकाही जागी काही सापडलं नाही."

"बाकीच्या जागा?"

"तिथे काही सापडणं अपेक्षितच नव्हतं. मग कशाला तपासणार?"

तरीही तक्रार नोंदली गेली, आणि नियमाप्रमाणे नवव्या दिवशी पशुगुणवत्ता विभागाचा अधिकारी ट्रिस्टन व्हर्को हजर झाला. पस्तिशीचा, सज्जन, दोन मुलींचा बाप. फाटकाशी त्याने बूट बदलले, जंतुनाशकाच्या टबात पाय बुचकळले, झगझगीत पिवळे जाकीट चढवले आणि वळूकडे न बघता वळूच्या कागदांची मागणी केली. कागद चोख होते. मग त्याने ट्रेव्हरच्या कानाच्या कडेचा मुगाएवढा तुकडा चिमट्याने काढून नळीत घातला.

"कानाचा का घेताय?" ब्रॉनविनने विचारले. "शिंगाचाच घ्या ना."

"शिंगाचा नमुना घ्यायचा तर अर्जात आधी शिंग असावं लागतं."

"अहो, मान वर करून बघा तरी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"बघितलं तर माझं मत तयार होईल," व्हर्को प्रामाणिकपणे म्हणाला. "आणि माझ्या मताला विभागात किंमत नाही. तुमचंच नुकसान आहे त्यात."

इतक्यात ट्रेव्हरने मान झटकली आणि व्हर्कोचे पिवळे जाकीट खांद्याशी शिंगात अडकले. तो वळूला चिकटून, टाचा उचलून उभा राहिला. वळू दोन पावले सरकला की तोही दोन पावले सरके. क्लॅरी कुंपणावर बसून पाव खात होते.

"काय रे भाऊ, कशाला अडकलास?" त्यांनी विचारले.

"कशाला अडकलो ते तपासाअंती ठरेल," व्हर्को म्हणाला. "आधी सोडवा."

प्रयोगशाळेचा निकाल तीन आठवड्यांनी आला. ज्या जागी जनुक खोडायचे होते त्या जागी ते खोडलेले होते. सबब जनावर शिंगरहित होते. मात्र तक्रारदाराच्या भावनांची कदर करून विभागाने 'शिरोभागी तात्पुरता टणकपणा' अशी नवी नोंद केली होती. टणकपणा तात्पुरता आहे हे सिद्ध होण्यासाठी त्याचे बारा महिने निरीक्षण आवश्यक होते. त्या काळात त्याला कुणी हात लावू नये.

तोवर टणकपणा वीतभर झाला होता.

आता वळूच नको, असे ब्रॉनविनने ठरवले आणि त्याला कत्तलखान्याकडे न्यायला ट्रक बोलावला. ट्रकवाला शेन डफी खाली उतरला, ट्रेव्हरकडे एकदा आणि जनावराबरोबर जायच्या घोषणापत्राकडे एकदा बघून परत चढला.

"काय झालं रे शेन?"

"शिंगाळं जनावर वेगळ्या खणात न्यायचा नियम आहे. बिनशिंगाचं इतरांबरोबर. इथे कागद बिनशिंगाचा आणि डोकं शिंगाचं. वेगळ्या खणात घातला तर कागद खोटा पडतो, इतरांबरोबर घातला तर बाकीच्यांची पोटं फाटतात. मी ह्यांच्यापैकी एकालाच नेऊ शकतो, ब्रॉन. कागदाला नेऊ का? कागद शहाण्यासारखा बसेल."

त्या आठवड्यात क्लॅरींच्या बरगडीवर दुसरा डाग उमटला. पहिला पिवळा पडत आला होता. "दोन्ही मिळून आपल्या फुटबॉल संघाचे रंग झालेत," असे त्यांनी चहाला आलेल्या मेव्हिस टॉजरला सांगितले आणि शर्ट वर करून दाखवलेही.

मेव्हिस ग्रामीण महिला संघटनेची चिटणीस होती. तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी हिरव्या लोकरीचे एक विणलेले टोपडे घेऊन आली, चहाच्या किटलीला घालतात तसे, फक्त निमुळते आणि आतून कापूस भरलेले. ते ट्रेव्हरच्या शिंगावर असे बसले की जणू त्याच्यासाठीच विणले होते. मेव्हिसने माप घेतले नव्हते, हे ब्रॉनविनच्या ध्यानात आले. पण मेव्हिसच्या हाताला अंदाज आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

टोपडे अकरा दिवस टिकले. त्या अकरा दिवसांत क्लॅरींना एकही डाग पडला नाही. बाराव्या दिवशी व्हर्को मासिक निरीक्षणाला आला आणि ते पाहून मनापासून दुःखी झाला.

"हे काढावं लागेल हो."

"का? काय नडतंय त्याचं?"

"आवरण घातलं म्हणजे आवरण घालण्याजोगं काहीतरी आहे असा अर्थ निघतो. वर निरीक्षणातही अडथळा येतो."

"पण तुम्ही तर बघतच नाही त्याच्याकडे!"

"बघत नाही, पण बघण्यात अडथळा नको," व्हर्को म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "मॅडम, मी तुमच्या बाजूचा माणूस आहे. एक मार्ग सांगतो. विभागाची नोंद विभागाला बदलता येत नाही. कंपनीची कंपनीला बदलायची नाही. पण शिंग आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्यानं आणखी एकाला आहे. शेती प्रदर्शनाच्या परीक्षकाला. टॅराबूलच्या प्रदर्शनात शिंगरहित वळूंचा गट असतो. त्यात ट्रेव्हरला उतरवा. परीक्षकानं शिंग आहे म्हणून बाद केला की तो लेखी पुरावा झाला. दुसऱ्या दिवशी डूगल करवत घेऊन येऊ शकतो."

प्रदर्शनात हरण्यासाठी कुणी वळूला साबण लावून धुतल्याचे टॅराबूलच्या इतिहासात दुसरे उदाहरण नाही. ब्रॉनविनने ट्रेव्हरचे खूर चकचकीत केले, शेपटीचा गोंडा विंचरला आणि शिंगाला खोबरेल चोळून ते असे उजळवले की दोन कुरणांपलीकडून दिसावे. बाद व्हायचे तर त्यात कुणाला संशयाला जागा नको.

परीक्षक आयडा पेंगेली होत्या. पांढरा कोट, फेल्टची टोपी, चाळीस वर्षांचा अनुभव. एकदा त्यांनी खुद्द नवऱ्याची कालवड पाठीला पोक आहे म्हणून रिंगणाबाहेर काढली होती आणि तीन आठवडे नवऱ्याने रागारागाने रांधलेले जेवल्या होत्या. त्या डोळेझाक करतील हे शक्यच नव्हते.

रिंगणात आठ वळू होते. ब्रॉनविनने शेजारी पाहिले आणि तिला पहिल्यांदा शंका आली. कॉलिन ट्रुडिंजरच्या वळूने काडाची टोपी घातली होती. "ऊन सोसत नाही त्याला," कॉलिन म्हणाला. आभाळ भरलेले होते. त्यापुढच्या वळूच्या कपाळावर केसांचा एवढा मोठा कुरळा ढीग चढवला होता की तो एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. तिसऱ्याच्या डोक्यावर डेअरीचे हिरवे तोरण होते, चौथ्याच्या दोन्ही कानांमागे फुलांचे गुच्छ. कॉलिनच्या वळूने मान हलवली तेव्हा काडाच्या टोपीखालून हिरव्या लोकरीची कड डोकावली. टाकाही तोच होता. ब्रॉनविनने कठड्याकडे पाहिले. मेव्हिस टॉजर तिथे उभी राहून एकाग्रतेने स्कोनचा गोड पाव खात होती.

"कॉलिन," ब्रॉनविन हळूच म्हणाली, "टोपीखाली काय आहे रे?"

"टोपीखाली डोकं असतं, ब्रॉन. तू मात्र कमालीची धीट हं. उघडं आणलंस!"

आयडाबाई एकेका वळूजवळ थांबत पुढे आल्या. त्यांनी ट्रेव्हरचे खूर पाहिले, पाठ चाचपली, छातीची रुंदी मोजली. मग शिंगाजवळ येऊन उभ्या राहिल्या. शिंग त्यांच्या टोपीपासून चार बोटांवर होते.

"बाई, हे शिंग आहे," ब्रॉनविन म्हणाली.

"बाई, मला आंधळी समजतेस का?"

"मग बाद करा ना. हात जोडते. बाबांना दोनदा लागलंय."

आयडाबाईंनी वहीकडे पाहत, ओठ न हलवता बोलायला सुरुवात केली. "आठ वळू आहेत. पंधरा शिंगं आहेत. मी मोजलीत. तुझा बाद केला तर आठही बाद करावे लागतील, मग पहिला नंबर काय शेजारच्या तंबूतल्या भोपळ्याला देऊ? आणि उद्या बाटलीवरचं हिरवं चिन्ह गेलं, तर एकशे बारा घरांना तोंड तू दाखवशील की मी?"

"पण खोटं आहे हे!"

"खोटं कसलं? प्रमाणपत्र बघून गटात घ्यायचं, हा नियम. गटात आलेल्यांतून सर्वांत चांगला निवडायचा, हा माझा धर्म. शिंगरहित गटात चांगला कोण? ज्याला कमीत कमी शिंगं आहेत तो." त्यांनी खिशातून निळी फीत काढली. "ह्या सातांना दोन-दोन आहेत. तुझ्याला एक. गेल्या साली पहिला आला त्याला दीड होतं. प्रगती आहे."

फीत बांधायला ट्रेव्हरच्या तोंडावरच्या मोरकीची गाठ सापडेना. मागे टाळ्या सुरू झाल्या होत्या. तेव्हा आयडाबाईंनी ती हाताशी सोयीची पडेल अशा एकमेव ठिकाणी अडकवली. शिंगावर निळी फीत, फितीवर सोनेरी अक्षरे: 'सर्वोत्कृष्ट शिंगरहित'. डेअरीच्या छायाचित्रकाराने धावत येऊन फोटो काढला. तो जाणकार होता. डावीकडून काढला.

ब्रॉनविन अजून हातातल्या दोरीकडे बघत होती, तेवढ्यात कठड्याखालून वाकून क्लॅरी रिंगणात आले. हातात पावाचे दोन तुकडे होते.

"शाब्बास रे माझ्या राजा!" ते म्हणाले आणि नेहमीप्रमाणे समोर जाऊन उभे राहिले. फीत डोळ्यावर फडफडत होती म्हणून ट्रेव्हरने मान झटकली. एवढेच. त्याच्या मनात काही नव्हते.

क्लॅरींच्या मांडीला सतरा टाके पडले. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरणीने जखम शिवली, मग अर्ज पुढे ओढला.

"कशानं झालं?"

"वळूनं," ब्रॉनविन म्हणाली.

"बिल्ल्याचा नंबर सांगा... हं, शिंगरहित. मग चावा, लाथ, की अंगाखाली चिरडणं?"

"भोसकलंय हो! तुम्हीच आत्ता आत बोट घातलंत!"

"भोसकणं ह्या यादीत येत नाही. 'इतर' लिहू शकते, पण त्याला जनावराच्या उत्पादकाची संमती लागते. तुम्हाला संमती येईपर्यंत थांबायचंय, की त्यांना घरी न्यायचंय?"

क्लॅरी खाटेवरून म्हणाले, "लिही पोरी, फितीला टाचणी होती."

'प्रदर्शनातील सजावटीमुळे इजा' अशी नोंद झाली. स्मूदलाइन कंपनीला तीही मान्य नव्हती. तिचे पत्र आठवड्याने आले. कंपनीने क्लॅरींना आराम पडो अशी इच्छा व्यक्त केली होती आणि एका विसंगतीकडे नम्रपणे लक्ष वेधले होते. या घटनेत दोन जीव सामील होते. त्यांपैकी वळूची जनुके बारा ठिकाणी तपासून निर्दोष ठरली होती. श्री. क्लॅरन्स हॅच यांची जनुके मात्र एक्याऐंशी वर्षांत एकदाही, कुठेही तपासली गेली नव्हती. अशा परिस्थितीत दोष कोणत्या बाजूला असण्याची शक्यता अधिक आहे, हे सुज्ञास सांगणे न लगे.

पत्र वाचून क्लॅरींनी त्याची नीट घडी केली. मग म्हणाले, "आईची शपथ, मला आधी कुणी सांगितलं असतं तर तपासून घेतली असती."

"बाबा, तुम्ही उद्यापासून त्याच्याकडे जाणार नाही."

"कुबडी घेऊन जाईन. त्याला वाटेल मी रागावलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॉनविनने मॅकफींना फोन केला आणि ट्रेव्हरचे खूर तासायचे आहेत असे सांगितले. खूर तासणे यादीत होते. मॅकफी आले. खुरांच्या मानाने त्यांनी भूल जरा सढळ हाताने दिली, उकिडवे बसले आणि मागचा उजवा खूर मांडीवर घेतला.

"मी खुराकडे बघतोय," ते म्हणाले. "वर काय चाललंय मला दिसत नाही. खुरात फार लक्ष घालावं लागतं."

ब्रॉनविनने करवत चालवली. रक्त आले, ते थांबवायला शेडमधल्या खिळ्यावरचे जुने लोखंड काढून तापवावे लागले. जळक्या केसांचा वास शेडभर पसरला आणि संध्याकाळपर्यंत गेला नाही. ती त्या दिवशी जेवली नाही. क्लॅरींनी दोघांच्या वाटचे खाल्ले.

शिंग टाकून देण्याचीही सोय नव्हती. जनावराच्या अवयवाची विल्हेवाट लावायला अर्ज होता, आणि अर्जात अवयवाचे नाव लिहायचे होते. म्हणून तिने ते धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीला ठोकले.

पुढच्या महिन्यात व्हर्को आला. दारातून आत येताच त्याने भिंतीवरच्या शिंगाला टोपी अडकवली, बूट बदलले आणि ट्रेव्हरकडे गेला. खपलीकडे त्याने बराच वेळ पाहिले. या खेपेला तो प्रथमच बघत होता.

"केसगळती," त्याने लिहून घेतले. मग त्याचा चेहरा उजळला. "अभिनंदन, मॅडम! टणकपणा तात्पुरता होता हे सिद्ध झालं. बारा महिने लागायचे ते तीन महिन्यांत झालं. कंपनी ह्या जुलैच्या अहवालात विश्वासार्हता वाढवून घेणार. नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव. सगळं तुमच्या ट्रेव्हरच्या जोरावर."

"आणि मी सांगितलं की मी ते करवतीनं कापलं, तर?"

व्हर्कोने पेन थांबवले. तो खरोखरच सज्जन होता. "तर मला विचारावं लागेल, काय कापलंत. आणि तुमच्याकडे त्याला शब्द नाही. माझ्याकडेही नाही." त्याने कागद पुढे सरकवला. "इथे सही. तक्रार मागे घेतली, टणकपणा आपोआप गेला, कळप शिंगमुक्त."

ब्रॉनविनने खिडकीबाहेर पाहिले. ट्रेव्हरची तेवीस वासरे ऑगस्टमध्ये येणार होती. एक वेळेआधीच जन्मले होते, आणि काल त्याच्या कपाळावरून हात फिरवताना तिच्या बोटांना दोन जागी काहीतरी लागले होते. एकशे बारा घरे. कॉलिनची टोपी. मेव्हिसची लोकर. बाबा मात्र कुबडी टेकत फाटकाकडे निघाले होते, हातात पाव होता, आणि आता त्यांना काही होणार नव्हते. तिला हवे होते ते एवढेच होते.

तिने सही केली. व्हर्कोने चहा घेतला, शिंगावरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि शिंगाकडे पाहून म्हणाला, "छान आहे. सोयीचं आहे."

डेअरीच्या बाटलीवर आता नवे चित्र आले आहे. निळ्या फितीसह ट्रेव्हर, शांत, प्रसन्न, त्याखाली ९९.९९. क्लॅरी रोज न्याहारीला ती बाटली एकदा फिरवून बघतात. दुसऱ्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता आहे.

ह्या गोष्टीत दिसणारे शिंग कागदावर लिहिणारा एकही माणूस कसा निघाला नाही, याचे आपल्याला नवल वाटले असेल. आज सकाळी आपल्या घरी चहात जे दूध पडले, त्याच्या पिशवीवर गाईचे चित्र आहे. ते डावीकडून काढले आहे की उजवीकडून, आठवते का? नाही ना. बरोबर आहे. आपण तारीख बघितली होती.